ठळक टाईप: कुठे वापरायचा, कुठे आवरायचा

नागपुरात डीटीपी आणि छपाईचं काम करताना लग्नपत्रिका, हँडबिल, बिलबुक, स्मरणिका, प्रबंध, फ्लेक्स असं सगळंच हाताखालून जातं. काम कोणतंही असो, ऑपरेटरच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेला माणूस एक वाक्य हमखास म्हणतो: "हे जरा बोल्ड करा न भाऊ." त्यातून निघणारे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण तिथेच घोळ जास्त होतात.

ठळक टाईप म्हणजे नेमकं काय? मोठं अक्षर की जाड अक्षर?

जाड. उंची तीच राहते, रेघेची जाडी वाढते. १२ पॉइंटचं साधं अक्षर आणि १२ पॉइंटचं ठळक अक्षर शेजारी ठेवलं तर दोन्ही उंचीला सारखीच भरतात. (संगणकावर एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग.) "मोठं करा" आणि "ठळक करा" या दोन वेगळ्या सूचना आहेत. फोनवर सांगताना लोक त्यांची सर्रास अदलाबदल करतात आणि मग प्रूफ पाहून म्हणतात, असं नव्हतं सांगितलं.

ठळकपणालाही पायऱ्या असतात: लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड, एक्स्ट्राबोल्ड, ब्लॅक. संगणकात त्यांना १०० ते ९०० असे आकडे दिलेले असतात. ४०० म्हणजे साधं, ७०० म्हणजे ठळक. आजकाल खूप वापरात असलेला 'मुक्ता' हा देवनागरी फाँट २०० पासून ८०० पर्यंत सात जाड्यांमध्ये मिळतो. त्यामुळे थेट ७०० वर उडी घ्यायलाच हवी असं नाही. पुष्कळ ठिकाणी ६०० मध्ये काम भागतं आणि अक्षरही मोकळं राहतं.

ठळक करायचं तरी कशासाठी?

वाचणाऱ्याला हवी ती गोष्ट पटकन सापडावी म्हणून. कोशातला शब्द, वेळापत्रकातली वेळ, प्रश्नपत्रिकेतला प्रश्नक्रमांक, पत्रिकेतली तारीख यांवर नजर आपोआप थांबली पाहिजे. आपल्याकडे मात्र ठळक टाईप बहुतेक वेळा आवाज चढवायला वापरला जातो. हँडबिलात 'भव्य', 'सुवर्णसंधी', 'आजच भेट द्या' हे सगळं जाड आणि दुकानाचा पत्ता मात्र कोपऱ्यात बारीक. ते हँडबिल सीताबर्डीच्या फुटपाथवर हातात पडलं तर सुवर्णसंधी आहे एवढं कळतं, ती कुठे आहे ते शोधत बसावं लागतं.

छपाई सुरू झाली तेव्हापासून ठळक टाईप आहे का?

नाही. युरोपात पंधराव्या शतकाच्या मध्यावर खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, छपाई सुरू झाली, पण साध्या अक्षराचं जुळं जाड भावंड हा प्रकार त्यानंतर जवळपास चारशे वर्षांनी रुळला. तोवर महत्त्वाचं ते लाल शाईने छापत, मोठ्या आकारात छापत किंवा तिरकं छापत. तिरका टाईप १५०१ मध्ये व्हेनिसला आल्डस मॅन्युशियसने छापील पुस्तकात आणला. आपल्या हस्तलिखित पोथ्यांमध्येही 'उवाच', अध्यायाची समाप्ती, श्लोकाचे दंड हे हिंगुळाने लाल केलेले दिसतात.

जाड अक्षर आलं ते जाहिरातीतून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये लॉटरीची आणि नाटकांची पत्रकं भिंतीवर लागायची. दुसऱ्याचं पत्रक झाकोळून आपलं उठून दिसावं म्हणून टाईप ओतणाऱ्यांनी अक्षरं फुगवत नेली. पण तो टाईप पुस्तकातल्या ओळीत बसवण्याजोगा नव्हता. १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून (टाईप ओतण्याच्या कारखान्यातून) रॉबर्ट बेस्लीने 'क्लॅरेंडन' नावाचा टाईप काढला. साध्या टाईपाच्या ओळीत शब्द जाड करून वेगळा दाखवायचा, या कामासाठीच तो विकला गेला. डिझाइन नोंदणीच्या नव्या कायद्याखाली त्याला तीन वर्षांचं संरक्षण मिळालं होतं. ती मुदत सरताच इतर फाउंड्र्यांनी त्याच्या नकला बाजारात ओतल्या आणि पुढे कित्येक वर्षं छापखान्यांत 'क्लॅरेंडन' हे ठळक टाईपाचंच दुसरं नाव होऊन बसलं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश याच काळातला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात शब्द देवनागरीत आणि अर्थ रोमन लिपीत. लिपीच बदलते म्हटल्यावर शब्द शोधायला जाडपणाची फारशी गरज उरत नाही. शब्दही मराठी आणि अर्थही मराठी असला की मात्र ठळक टाईपाविना कोश चाळणं म्हणजे इतवारीच्या गर्दीत ओळखीचा चेहरा शोधण्यासारखं.

खिळ्यांच्या जमान्यात मराठी छापखान्यात बोल्ड कसं करत?

खिळे वेगळे घेऊन. इंग्रजीचं काम कमी खिळ्यांत भागतं, पण देवनागरीला अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा धरून एका आकाराच्या एका टाईपासाठी काही शे वेगवेगळे खिळे लागत. ठळक हवं तर पुन्हा तेवढ्याच खिळ्यांची दुसरी केस विकत घ्यायची, आणि तीही दर आकारासाठी वेगळी. लहान ट्रेडल मशीन चालवणाऱ्याला हे परवडायचं नाही. म्हणून जुन्या पत्रिका आणि हँडबिलं पाहिली तर ठळक अक्षरं मथळ्यांपुरतीच दिसतात आणि मजकुरातल्या शब्दावर जोर द्यायला एकेरी अवतरणचिन्हं वापरलेली असतात. शब्दाला अवतरणात घालून जोर देण्याची मराठी सवय पुष्कळशी या तंगीतूनही टिकली असावी, असं मला वाटतं.

सारी लग्नपत्रिका बोल्डमध्ये छापली तर काय बिघडतं?

सगळंच ठळक केलं की काहीच ठळक राहत नाही, पत्रिका फक्त काळवंडते. ठळक अक्षर उठून दिसतं ते शेजारच्या साध्या अक्षरामुळे.

पत्रिकेत पाहुणा तीन गोष्टी शोधतो: कोणाचं लग्न, किती वाजता, कुठे. वधू-वरांची नावं ठळक आणि मोठी. तारीख, वार, मुहूर्ताची वेळ ठळक. स्थळ ठळक, आणि त्यातही लॉनचं नाव. उमरेड रोड, वर्धा रोड, काटोल रोड, जिकडे पाहावं तिकडे लॉन आहेत, आणि एका रात्री शेजारशेजारच्या चार लॉनवर मंडप असतात. रस्त्याचं नाव जाड आणि लॉनचं नाव बारीक छापलं तर पाहुणा भलत्याच वरातीत जेवून येतो.

बाकी सगळं साधं ठेवा. वर 'श्री गणेश प्रसन्न' असो की 'नमो बुद्धाय', मधली काव्यपंक्ती असो की 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं', त्यांना जागा आणि सजावट पुरते. अडतं ते खाली नातेवाइकांच्या यादीत. एका काकांचं नाव ठळक केलं की दुसऱ्या काकांकडून फोन येतो. आमचा सल्ला साफ आहे: 'विनीत', 'स्वागतोत्सुक', 'आप्तेष्ट' हे मथळे ठळक, त्याखालची एकूणएक नावं एका जाडीत आणि एका आकारात. ज्येष्ठांचा मान राखायचा तर त्यांचं नाव यादीत वर घ्या. तो क्रम सगळ्यांना कळतो आणि त्यावर कोणी भांडत नाही.

ठळक केल्यावर देवनागरी अक्षरं भरल्यासारखी का दिसतात?

हा खरा देवनागरीचा प्रश्न आहे, आणि इंग्रजी पाहून ठरवलेले नियम इथे चालत नाहीत. आपल्या अक्षराला वर शिरोरेषा, बाजूला दंड, मध्ये गाठ किंवा पोट, वर मात्रा, खाली उकार. या सगळ्या रेघा जाड झाल्या की आतली पांढरी जागा आक्रसते, आणि अक्षर ओळखू येतं ते त्या पांढऱ्या जागेवरूनच.

भिंग घेऊन 'भ' पाहा. 'भ' आणि 'म' यांच्यात मोठा फरक वरच्या फटीचा. 'भ' ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ८ किंवा ९ पॉइंटला ठळक केलं, वर कागद शाई पिणारा असला, की ती फट बुजते आणि 'भाऊसाहेब' चे 'माऊसाहेब' होतात. 'ध' चा 'घ' आणि 'थ' चा 'य' याच वाटेने होतो. 'ष' मधली तिरपी रेघ पोटात बुडाली की 'प' उरतो. जोडाक्षरांचे हाल आणखी. 'सिद्धार्थ' मधला 'द्ध', 'ब्रह्मपुरी' मधला 'ह्म', 'राष्ट्रसंत' मधला 'ष्ट्र' हे बारीक ठळक टाईपात नुसते ठिपके होतात. 'सर्वांनी' या शब्दात रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात, आणि हा शब्द नाही अशी पत्रिका मिळणं कठीण.

कागद काय आहे यावर बरंच ठरतं. आर्ट पेपरवर शाई वर राहते, रेघ नीट उमटते. न्यूजप्रिंट किंवा स्वस्त मॅपलिथोवर ती पसरते आणि रेघ आपोआप थोडी जाड होते. त्यामुळे हँडबिलाच्या कागदावर सेमीबोल्डसुद्धा बोल्डसारखा दिसतो. १० पॉइंटच्या खाली देवनागरी ठळक करू नये, केलंच तर सेमीबोल्डवर थांबावं आणि ओळींमधलं अंतर वाढवावं, असं आम्ही पाळतो.

ज्येष्ठांना वाचता यावं म्हणून सगळं पुस्तक ठळक छापावं का?

नको. आकार वाढवा, ओळींमधलं अंतर वाढवा, कागद चकचकीत घेऊ नका. पारायणाच्या पोथ्या मोठ्या टाईपात छापतात ते उगाच नाही. जाडी वाढवायचीच तर रेग्युलरवरून मीडियमवर या, तिथेच थांबा.

संगणकावर बी दाबलं की बोल्ड होतंच न? मग वेगळा बोल्ड फाँट कशाला?

कंट्रोल आणि बी दाबल्यावर दोनपैकी एक गोष्ट होते. त्या फाँटची ठळक फाइल संगणकात असेल तर सॉफ्टवेअर ती उचलतं. नसेल तर ते साध्याच अक्षराच्या कडेने रेघ फिरवून किंवा तेच अक्षर किंचित सरकवून पुन्हा उमटवून अक्षर फुगवतं. हा नकली बोल्ड.

खऱ्या ठळक टाईपात अक्षर नव्याने काढलेलं असतं. दंड जाड होतो, पण गाठ तितकी जाड होत नाही. शिरोरेषा बेताने वाढते, पोट रुंदावतं, मात्रा थोडी वर सरकते. नकली बोल्डला ही अक्कल नसते. ते सगळीकडे सारखा थर चढवतं, म्हणून मघाशी सांगितलेल्या फटी बुजतात. शिवाय स्क्रीनवर एक दिसतं आणि प्लेटवर दुसरंच येतं, कारण छपाईच्या यंत्राकडे जाताना असला कृत्रिम जाडपणा कधी वाढतो, कधी गळून पडतो.

ओळखायचं कसं? फाँटच्या यादीत 'बोल्ड' किंवा 'सेमीबोल्ड' असं वेगळं नाव दिसतं का ते पाहा. पीडीएफ तयार झाल्यावर तिच्या गुणधर्मांमधली फाँटची यादी उघडा. ठळक मजकूर असूनही तिथे फक्त रेग्युलर दिसत असेल तर बोल्ड नकली आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता तेव्हाही लक्ष ठेवा. पुष्कळ कन्व्हर्टर नुसती अक्षरं नेतात आणि ठळकपणा मागेच राहतो.

शब्दाचा अर्धाच भाग ठळक करता येतो का? म्हणजे 'नागपूर' ठळक आणि 'ला' साधं?

करू नका. 'नागपूरला' वर एकच शिरोरेषा धावते. ती अर्ध्यात जाड आणि अर्ध्यात बारीक झाली की शब्द तुटल्यासारखा दिसतो. शिवाय मराठीत प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो. 'बँकेच्या' मधून 'बँक' वेगळी कशी काढणार? जोडाक्षराच्या किंवा मात्रेच्या मध्येच ठळकपणा संपवला तर काही सॉफ्टवेअरमध्ये मात्रा सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते. प्रत्ययासकट पूर्ण शब्द ठळक करा. व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्ययच दाखवायचा असेल तर तो संयोगचिन्हाने वेगळा छापा.

ठळक, तिरकं आणि अधोरेखित यांत निवड कशी करायची?

रोमन लिपीत तिरक्या अक्षराला स्वतंत्र घडण आणि मोठी परंपरा आहे. देवनागरीत ती नाही. आपल्याकडे तिरकं म्हणजे बहुधा संगणकाने ढकललेलं सरळ अक्षर. थोडंसं असेल तर खपतं, परिच्छेदच्या परिच्छेद तिरका असला की डोळा थकतो. त्यामुळे देवनागरीत जोर देण्याचा मुख्य भार ठळक टाईपावर येतो, आणि म्हणूनच तो जपून वापरावा लागतो.

अधोरेखा ही टाईपरायटरची देणगी. त्या यंत्रात दुसरी जाडीच नव्हती, म्हणून खाली रेघ मारत. छापील देवनागरीत ती रेघ उकार आणि ऋकार कापत जाते. टाळाच.

संत्र्यावर किंवा कापसावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी येतात त्यांच्यासाठी एक टीप: वनस्पतींची शास्त्रीय नावं रोमन लिपीत तिरकीच ठेवायची, ती ठळक करून काम भागत नाही. मराठी मजकुरातही हाच संकेत आहे.

पुस्तिका किंवा स्मरणिकेत किती ठिकाणी ठळक वापरावं?

मथळे, उपमथळे, क्रमांक. परिच्छेदाच्या आत जितकं कमी तितकं बरं. पानाकडे हातभर लांबून पाहा. काळे ठिपके विखुरलेले दिसले तर जास्त झालं.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे २२ प्रतिज्ञांचं पत्रक. १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या या प्रतिज्ञा दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास कितीतरी आकारांत छापल्या जातात. पत्रक छापून घेणाऱ्याला वाटतं, प्रत्येक प्रतिज्ञा महत्त्वाची आहे, सगळं ठळक करा. आमच्या मते फक्त क्रमांक ठळक करावेत आणि मजकूर स्वच्छ साध्या टाईपात, दोन प्रतिज्ञांमध्ये मोकळी जागा ठेवून घ्यावा. सामूहिक पठणात "आता सतरावी" म्हटलं की डोळा लगेच सतरावर जातो.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे बिलबुकात ठळक छापलं तर ते कायदेशीर होतं का?

इतवारी आणि गांधीबागेतले व्यापारी हा प्रश्न विचारतात. जाड छापल्याने अट कायदेशीर होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं अनुचित व्यापारी प्रथेत धरलं आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. ती ओळ काढून तिथे मुदत किती ते ठळक छापा.

उलट प्रकार निवडणुकीच्या पत्रकांचा. लोकप्रतिनिधी कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे पत्रकाच्या दर्शनी भागावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता लागतो. हा नियम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उमेदवाराची माणसं म्हणतात, ते बारीक करा, दिसायला नको. ठळक नसलं तरी चालेल, पण वाचता आलंच पाहिजे, त्यात आम्ही तडजोड करत नाही.

आणि दुकानाच्या पाट्या. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. काही जण आकार सारखा ठेवून मराठी लाइट आणि इंग्रजी ब्लॅक करून घेतात. लांबून इंग्रजीच दिसतं. ही पळवाट आहे, आणि ती कोणाच्याही लक्षात येते.

फ्लेक्सवर जितकं जाड तितकं लांबून दिसतं, बरोबर?

एका मर्यादेपर्यंत. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलेल्या माणसाला अक्षर दिसतं ते उंचीमुळे आणि आतल्या मोकळ्या जागेमुळे. अतिजाड देवनागरी लांबून काळा पट्टा वाटते. त्यात लाल अक्षराला पिवळी किनार, वर पांढरी किनार, खाली सावली असं चढवलं की उरलीसुरली फटही जाते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो ओळखू येतो आणि नाव वाचता येत नाही, त्याचं कारण हे. बोल्ड घ्या, किनार एकच द्या, शब्द कमी करा.

काळ्या किंवा रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं असतील तर?

छपाईत आजूबाजूची शाई पांढऱ्या अक्षरात शिरते आणि अक्षर बारीक होतं. म्हणून लहान आकारात एक पायरी जाड घ्या: रेग्युलरऐवजी मीडियम, मीडियमऐवजी सेमीबोल्ड. मोबाइलच्या स्क्रीनवर याच्या उलट, गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर आहे त्यापेक्षा जाड भासतं. स्क्रीनवर छान दिसलं म्हणून तसंच छापायला देऊ नका.

बोल्डने खर्च वाढतो का?

ऑफसेटला शाईचा फरक किरकोळ, दर तोच. वाढतात ती पानं. ठळक अक्षर रुंदीला जास्त जागा घेतं, ओळी पुढे ढकलल्या जातात. शेवटच्या प्रूफला "हे चार परिच्छेद बोल्ड करा" म्हटलं की अनुक्रमणिकेतले पृष्ठांक चुकायला लागतात.

मजकूर पाठवताना आणि प्रूफ तपासताना ठळक कसं दाखवायचं?

व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा (*) टाकला की तो जाड दिसतो. पण तो मजकूर कॉपी करून आमच्याकडे आला की तारे अक्षरांसारखे छापील मजकुरात उतरतात. तारा आणि शब्द यांत रिकामी जागा सुटली असेल तर तिकडेही जाड होत नाही, नुसते तारे उरतात. त्यापेक्षा मजकूर साधा पाठवा आणि खाली वेगळ्या ओळीत लिहा: ठळक हवं ते अमुक, अमुक.

कागदी प्रूफवर मुद्रितशोधकांची खूण सोपी आहे: शब्दाखाली नागमोडी रेघ म्हणजे ठळक, सरळ एक रेघ म्हणजे तिरकं. समासात 'ठळक' असं लिहून त्याला गोल करा. ठळक आहे ते साधं करायचं असेल तर शब्दाला गोल करून समासात 'साधा टाईप' लिहा. रेघ निळ्या किंवा लाल पेनाने मारा, पेन्सिलची दिसत नाही. आणि प्रूफवर सही करण्याआधी फक्त ठळक शब्द वरपासून खालपर्यंत एकदा मोठ्याने वाचा. नाव, तारीख, वेळ आणि लॉन एवढं त्यात आलं तर पत्रिका छापायला हरकत नाही.